मागच्या चाकातून ‘टक्’ आवाज, तोही फक्त चढावर. फ्री बदलू का?

नेरूळकर७:
नमस्कार मंडळी. हायब्रिड सायकल आहे, मागे ७ गिअरची फ्री (फ्रीव्हील, मागच्या चाकावरचा दात्यांचा संच), रिम ब्रेक, कॅरिअरवर लॅपटॉपची बॅग. रोज नेरूळ ते बेलापूर ऑफिस आणि रविवारी पारसिक हिल. पावसाळा संपल्यापासून मागून ‘टक्... टक्’ येतंय. पाम बीच रोडला सपाटीवर निवांत चालवली तर शांत. पारसिकचा चढ लागला की सुरू. पायडल थांबवलं की बंद. दुकानात नेली. त्याने स्टँडवर लावून चाक हाताने गरगर फिरवलं, ‘आवाज कुठाय?’ म्हणाला, आणि फ्री-चेन दोन्ही बदलायला सांगितलं. दोन्ही दिवाळीत नवीन टाकलेत हो! बदलू का? आणि सीवूड्स-नेरूळकडे कान देऊन बघणारा मिस्त्री कुणाला माहीत आहे का?

घोडबंदरी:
फ्रीला हात लावू नका. फ्रीची टिकटिक पायडल सोडल्यावर येते, आतले खटके दात्यांवरून घसरतात म्हणून. तुमचं नेमकं उलटं आहे. फ्री खराब झाली तर पाय मारताना सटकते, नुसती टक् करत बसत नाही.

सायलेन्सर:
स्प्रे मारा सगळीकडे. माझा आवाज गेला.

चाकोरी:
@सायलेन्सर, चेनवर मारा नि पुसून टाका, पण हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, मारू नका. आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि दोन महिन्यांनी छर्रे घरघरायला लागतात.

@नेरूळकर७, स्टँडवर आवाज येणारच नाही. तिथे चाकावर ना तुमचं वजन, ना चेनचा ताण. आधी एवढं बघा, की आवाज पायडलच्या तालावर आहे, चाकाच्या, की चेनच्या. पारसिकवर ते कळणार नाही. पुढे २८ आणि मागे २८ दात्यांवर चढत असाल तर पायडलची एक फेरी म्हणजे चाकाचीही एकच, दोन्हींचा ताल सारखा. फ्लायओव्हरच्या चढाला जड गिअर टाका, समजा पुढे ४२ मागे १४, आणि जोर लावा. आता पायडलच्या १ फेरीत चाक ३ वेळा फिरतं. टक् तीनदा आलं तर चाक. एकदा (किंवा प्रत्येक पायाला एकदा) आलं तर पायडल, क्रँक (पायडलचा दांडा) किंवा बीबी (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग). पायडलच्या दोन-तीन फेऱ्यांनी एकदा आलं तर चेनची एखादी कडी अडतेय, ती उलटं पायडल मारून मागच्या छोट्या पुलीपाशी डोळ्यांनीही दिसते.

हे बघितल्याशिवाय एक रुपयाचाही पार्ट घेऊ नका.

येऊरचा_पाहुणा:
एक्सल (हबमधून आरपार जाणारा दांडा) तुटलेला असू शकतो. स्क्रूवाल्या फ्रीच्या हबात उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात, बाहेरचा एक्सल लोंबता राहतो, त्यात कॅरिअर आणि आपले खड्डे. येऊरला जाणाऱ्यांपैकी दोघा-तिघांचे गेलेत.

चाकोरी:
मुद्दा बरोबर, पण एक्सल चाकाबरोबर फिरत नाही, तो जागेवरच असतो. तुटलेला एक्सल पायाच्या जोराबरोबर आवाज करतो. म्हणजे ताल बघितला की तेही वेगळं निघतं. शंका असेल तर चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. टोक डोलत असेल तर वाकलाय.

नेरूळकर७:
आज ऑफिसहून येताना बघितलं. जड गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीत बरोब्बर तीनदा! म्हणजे चाक. एक्सलचं टोक डोलत नाही, चाक हलवून बघितलं तर प्लेही (ढिलेपणा) नाही. मग काय, तारा? आणखी एक. रिम थोडी आऊट जाते, म्हणजे फिरताना बाजूला डोलते. दुकानदार आऊट काढून देतो, आठवड्याभरात पुन्हा तिथेच ब्रेकला घासते.

चाकोरी:
‘पुन्हा तिथेच’ हे आधी सांगायचं होतं की राव!

आता चाक नीट धुवा. ओल्या फडक्याने रिम पुसा, विशेषतः फ्रीच्या बाजूच्या तारा जिथे रिममध्ये शिरतात तिथे. उजव्या तारा डावीपेक्षा जास्त ताणलेल्या असतात, कारण फ्रीला जागा द्यायला रिम हबच्या मधोमध नसते, उजवीकडे सरकलेली असते. म्हणून तार तुटते ती बहुतेक उजवीकडची, आणि रिम फाटते तीही उजव्या भोकापाशी. नखाने एकेक तार वाजवा, पण उजवीची उजवीशीच तुलना करा, डावीचा सूर उतरलेलाच असणार. एखादी भदभद वाजली तर तिच्या निपलभोवती (तार रिमला आवळणारा छोटा नट) मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा. फ्रीच्या मागे हबपाशीही बघा, तिथे डोकं तुटलेली तार कित्येकदा शेजारणीत अडकून उभी राहते, लांबून अख्खी वाटते.

काहीच सापडलं नाही तर तारा एकमेकींना जिथे छेदतात तिथे तेलाचा एकेक थेंब सोडा. तिथली कुरकुर असेल तर लगेच फरक पडतो. तेल रिमच्या कडेला लागू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

घोडबंदरी:
रिमच्या कडेवरून बोटही फिरवा. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात वाळू रुततेच, ती रिम खात जाते. कड आत खोलगट लागली तर रिमचं आयुष्य संपलंय, आवाज असो-नसो.

नेरूळकर७:
सापडलं!! फ्रीच्या बाजूला एका निपलच्या दोन्हीकडे केसाएवढी काळी रेघ. मळ समजून नखाने खरवडली, जात नाही. टॉर्च धरला तर भोकाभोवतीचा पत्रा किंचित वर उचललेला दिसतो. तीच तार ढिली आहे. पाय जोरात मारला की तार ओढली जाऊन तिथे टक् होतं असावं.

चाकोरी:
तसंच होतं. आणि आऊट काढताना ती तार आवळली की चीर आणखी उघडते. ही रिम कुठल्याच मिस्त्रीकडून आवळून घेऊ नका, आणि चालवूही नका. पारसिकच्या उतारावर तर नकोच नको.

नुसती रिम बदलता येते, हब तोच ठेवून. जाताना जुनं चाकच घेऊन जा. भोकं हबइतकीच हवीत, ३२ की ३६ ते मोजा. टायरच्या कडेवर ४०-६२२ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. तो जुळलाच पाहिजे. तारा नव्याच घाला. जुन्यांची लांबी नव्या रिमला बसेलच असं नाही, आणि मजुरी तर दोन्ही वेळी तीच. बॅग वाहायची असेल आणि तयार चाक घेत असाल तर ३६ तारांचं बघा. चाक बांधल्यावर थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा आऊट बघून घ्या, नव्या तारा बसताना थोड्या सैल होतात.

येऊरचा_पाहुणा:
सानपाड्याला एकजण चाकं हाताने बांधतात. नाव-नंबर इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. शनिवारी सकाळी गर्दी नसते.

नेरूळकर७:
व्यनि मिळाला. उद्यापासून ऑफिसला लोकल. ३६ भोकं आहेत, ६२२ आहे, मोजून ठेवलं. दिवाळीतल्या फ्रीला मात्र परत येतो म्हणून सांगितलंय.

सायलेन्सर:
तरी स्प्रे मारून बघायचा होता 😄