ज्वारी, टॅनिन आणि चक्कीतला गहू

ज्वारीत ग्लुटेन (गव्हातले प्रथिन) नसल्यामुळे सीलिएकच्या, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला भाकरी निर्धास्तपणे द्यावी, फक्त तिच्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य लोहाचे शोषण अडवते, असे म्हटले जाते. टॅनिनचा आक्षेप मला मान्य नाही. आपल्याकडे भाकरीसाठी वापरतात त्या पांढऱ्या ज्वारीत संघनित टॅनिन, म्हणजे ज्या प्रकाराबद्दल हा आक्षेप आहे ते, जवळपास नसते. ते काही गडद दाण्यांच्या वाणांत, सालीखालच्या रंगीत थरात आढळते. लोहाला खरी आडकाठी फायटेटची, म्हणजे दाण्यातल्याच लोह बांधून ठेवणाऱ्या द्रव्याची, आहे, आणि जेवताना लिंबू पिळले तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे ती बरीच कमी होते.

मात्र 'निर्धास्तपणे' हा शब्द मला फार धोक्याचा वाटतो, कारण प्रश्न धान्याचा नसून दळणाचा आहे. ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात साधारण पाव ग्रॅम गव्हाची कणीक मिसळली तरी ही मर्यादा गाठली जाते, आणि आधीचे दळण गव्हाचे असेल तर चक्कीच्या पाळ्यांत याहून कितीतरी अधिक पीठ उरलेले असते. नागपुरात माझ्या भाचीसाठी आम्ही म्हणूनच घरगुती चक्की घेतली असून तिच्यात गहू कधीच घालत नाही.