शेंगेन व्हिसा: प्रदर्शन आणि फिरणं एकाच ट्रिपमध्ये, अर्ज कुठल्या देशाकडे करायचा?

पाणपंप
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच युरोपला जायचं ठरतंय आणि नेटवर वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून इथे विचारतोय. आमचा पंपांचे पार्ट बनवायचा छोटा व्यवसाय आहे. एप्रिलमध्ये हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शन (हॅनोव्हर मेस्से) बघायचंय, तिथे एका जर्मन डिस्ट्रिब्युटरशी भेटही ठरलीये, त्याने मेलवर "जरूर या, भेटू" असं लिहिलंय. हॅनोव्हरला ४ रात्री, मग झुरिकला बायको थेट येऊन मला भेटणार, स्वित्झर्लंडमध्ये ३ रात्री, शेवटी पॅरिसला ४ रात्री आणि तिथूनच परत. ती शाळेत शिक्षिका आहे.

आता शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालतो तो) व्हिसा मी बिझनेस काढायचा की टुरिस्ट? जर्मनीकडे की फ्रान्सकडे? दोघांची फाईल एकत्र द्यायची का? आणि लंडनला मावसभाऊ असतो, पॅरिसहून ट्रेनने दोन दिवस त्याच्याकडे जाऊन परत पॅरिसला येऊन विमान पकडायचा विचार आहे, ते याच व्हिसावर जमेल का? एक एजंट म्हणतोय तिकिटं हॉटेलं सगळी डमी लावून देतो, तुम्ही फक्त सह्या करा. त्याचं ऐकावं का तेही सांगा. कुणी अलीकडे केलं असेल तर प्लीज.

सोनचाफा
दादा, आधी एक गोष्ट, बिझनेस आणि टुरिस्ट असे दोन वेगळे व्हिसे नसतातच. दोन्ही टाईप सी, म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचा. फरक फक्त फॉर्मवरच्या प्रवासाच्या कारणाचा आणि त्याला जोडायच्या कागदांचा. त्या रकान्यात एकापेक्षा जास्त कारणं टिक करता येतात, तेव्हा बिझनेस आणि टुरिझम दोन्ही टिक करा, लपवायचं काहीच नाही. फक्त या व्हिसावर तिथे नोकरी करून पगार घेता येत नाही, भेटीगाठी, प्रदर्शन, बोलणी एवढंच.

देशाचा नियम असा की मुख्य ठिकाण ज्या देशात त्याच्याकडे अर्ज, आणि मुख्य ठिकाण म्हणजे मुक्काम जास्त किंवा प्रवासाचा मूळ हेतू तिथला. तेही ठरत नसेल तर ज्या देशातून पहिल्यांदा आत शिरणार तो देश. तुमचं कारण प्रदर्शन, शिरणार पण जर्मनीतून, म्हणून तुमचा अर्ज जर्मनीकडे, यात शंकाच नको.

पण वहिनींचं वेगळं आहे आणि इथेच बरीच जोडपी अडकतात! त्या झुरिकला थेट उतरणार असतील तर त्यांच्या प्रवासात जर्मनी नाहीच, स्वित्झर्लंड ३ आणि फ्रान्स ४, म्हणजे त्यांचा अर्ज नियमाने फ्रान्सकडे जातो. नवरा जर्मनीकडे आणि बायको फ्रान्सकडे, ऐकायला विचित्र वाटतं पण बरोबर आहे. दोन फायली दोन ठिकाणी नको असतील तर त्यांना पहिल्यापासून हॅनोव्हरला घेऊन जा. मग जर्मनी आणि फ्रान्स सारखेच होतात, प्रवेश जर्मनीतून, दोघांचा अर्ज एकत्र जर्मनीकडे. हॉटेलात खोली तशीही दोघांची असते. मी असते तर हेच केलं असतं.

डमीच्या भानगडीत अजिबात पडू नका. तिकीट विकत घेतलंच पाहिजे असं नाही, रिझर्व्हेशन चालतं, आणि कॅन्सल करता येणारं हॉटेल स्वतःच्या नावावर, दोघांची नावं टाकून बुक करा. बनावट बुकिंग पकडलं गेलं तर नकाराच्या छापील फॉर्मवर खोट्या कागदपत्रांचा वेगळा रकाना आहे, त्यावर टिक लागली की पुढच्या अर्जांनाही ती नडू शकते. आणि फाईल दिल्यादिल्या हॉटेलं कॅन्सल करू नका, निर्णय येईपर्यंत राहू द्या, ते कधीही फोन करून विचारू शकतात.

उत्तररात्र
लंडनचं मी सांगतो. यूके शेंगेनमध्ये नाही, त्याला वेगळा व्हिसा. आणि खरी मेख म्हणजे पॅरिसहून लंडनला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, परत पॅरिसला यायचं तर तो दुसरा प्रवेश. सिंगल एन्ट्री व्हिसा असेल तर तुम्ही लंडनला अडकलात. युरोस्टारला (पॅरिस-लंडन ट्रेन) तर पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनवरच, गाडीत बसायच्या आधीच, फ्रेंचांची बाहेर पडायची तपासणी आणि ब्रिटिशांची आत घ्यायची तपासणी दोन्ही होतात, "ट्रेनच तर आहे, कोण बघतंय" असं काही नसतं. त्यामुळे एकतर अर्जातच दोन किंवा मल्टिपल एन्ट्री मागा आणि कव्हर लेटरमध्ये (अर्जासोबत जोडायच्या तुमच्या पत्रात) लंडनच्या तारखा घाला, नाहीतर सरळ परतीचं विमान लंडनहून घ्या, मग शेंगेनची एकच एन्ट्री पुरते. मला दुसरा मार्ग जास्त सुटसुटीत वाटतो.

अजून एक, शेंगेनच्या अर्जासोबत पासपोर्ट त्यांच्याकडे जातो, तेवढ्या काळात यूकेच्या व्हिसासाठी तोच पासपोर्ट देता येत नाही. दोन्ही करायचे असतील तर खूप आधी सुरुवात करा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, पण ४५ पर्यंत ताणू शकतात. अपॉइंटमेंटच मिळत नाही हे रडगाणं सगळीकडे आहे, त्यामुळे एप्रिलचं असेल तर आत्ताच स्लॉट बघायला लागा.

घारू
निमंत्रणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. "जरूर या, भेटू" एवढ्या मेलवर भागणार नाही. डिस्ट्रिब्युटरकडून कंपनीच्या लेटरहेडवर, सहीचं पत्र मागवा, त्यात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच, पासपोर्ट नंबर, भेटीच्या तारखा, कुठे भेटणार, तुमचा त्यांचा धंद्याचा संबंध काय आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवं. जर्मन कंपन्यांना अशी पत्रं द्यायची सवय असते, मागायला लाजू नका. प्रदर्शनाचं प्रवेशतिकीट आधीच काढून त्याची प्रिंट लावा. तुमच्या कंपनीचं पत्र पण हवं, म्हणजे रजिस्ट्रेशन, टॅक्स रिटर्न, आणि तुम्ही मालक आहात हे दाखवणारा कागद.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडच्या लोकांच्या फायली मीच बघतो त्यामुळे सांगतो, कागद कमी म्हणून फाईल पडते त्यापेक्षा कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून जास्त पडते. निमंत्रणात भेट १० तारखेला आणि हॉटेल ११ पासून, किंवा कव्हर लेटरमध्ये झुरिक आणि बुकिंग इंटरलाकेनचं. समोरचा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही, त्याच्याकडे फक्त कागद आहेत. तेव्हा सगळे कागद टेबलावर पसरून प्रत्येक दिवसाला "या रात्री मी कुठे झोपलो" हे उत्तर कागदातून मिळतंय का ते बोट ठेवून बघा. इन्शुरन्स पण त्यातच तपासा, ३०,००० युरोंचं कव्हर सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, आणि उतरायचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही धरून. विमान रात्री साडेअकराला उतरतंय आणि पॉलिसी दुसऱ्या दिवशीपासून सुरू, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बँकेत आदल्या आठवड्यात कुणाकडून उसने घेऊन मोठी रक्कम भरू नका. मधूनच फुगलेला बॅलन्स त्यांना लगेच दिसतो. एफडी मोडली, गाडी विकली असं खरं कारण असेल तर त्याचा कागद जोडा, मग काही प्रश्न नाही. वहिनींचं शाळेचं रजेचं पत्र फार वजनाचं आहे, त्यात "अमुक तारखेला कामावर रुजू होणार" हे वाक्य आवर्जून घालून घ्या. परत येणार की नाही ही त्यांची मुख्य शंका, आणि नोकरीचं पत्र त्याचं थेट उत्तर देतं.

पाणपंप
काय बोलू, एवढं तर एजंटनेही सांगितलं नव्हतं. ठरलं मग, बायको पहिल्यापासून हॅनोव्हरला येणार, एकत्र अर्ज जर्मनीकडे, आणि लंडन यावेळी नाही. डिस्ट्रिब्युटरला पत्रासाठी आत्ताच लिहिलं. दोन बारक्या शंका राहिल्या. फी किती आणि नकार आला तर परत मिळते का? आणि बायकोच्या पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आहे पण तिच्या डिग्र्या आणि शाळेतलं रेकॉर्ड माहेरच्या नावाने, त्याचा घोळ होईल का?

सोनचाफा
फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षांपासून १२ वर्षांखालच्या मुलांना ४५, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. नकार आला तरी परत मिळत नाही. पण नकार म्हणजे कायमचं दार बंद असं नाही, कारण लेखी देतात, ते दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने सिस्टिममध्ये राहतात, सहसा परत घेत नाहीत.

आडनावाचं टेन्शन घेऊ नका. फॉर्मवर आडनावाच्या लगेच खाली जन्माच्या वेळचं आडनाव हा वेगळा रकाना आहे, तिथे माहेरचं लिहायचं. बाकी सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, बुकिंग, इन्शुरन्स, सगळीकडे. लग्नाचा दाखला जोडा, तो दोन्ही नावांना सांधतो, आणि शाळेला पत्रात दोन्ही नावं लिहायला सांगा.

पासपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून त्यातला व्हिसाचा स्टिकर वाचा. "पासून-पर्यंत" या तारखा आणि "मुक्कामाचे दिवस" हे दोन वेगळे आहेत. तारखा बहुतेक वेळा १५ दिवस जास्तीच्या देतात, विमान पुढेमागे झालं तर म्हणून, पण दिवस समजा १२ लिहिले असतील तर १२ च, आणि उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही मोजतात. आणि ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झालीये, पहिल्यांदा जाणाऱ्यांना त्यात वेळ लागतो. तेव्हा फ्रँकफर्टला उतरून हॅनोव्हरची गाडी पकडणार असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.