परसातला पातेरा: जाळायचा, पुरायचा की पडू द्यायचा?

परसातली
नोकरी संपली, मुंबई सोडली आणि चिपळूणजवळच्या सासरच्या घरी येऊन राहिलो, त्याला आता चौथं वर्ष. घरामागे पाच गुंठ्यांचं परस. चार आंबे, दोन फणस, सात माड, तीन काजू, गडग्याला लागून साग, एक गाय आणि नऊ कोंबड्या. पौष सरता सरता पातेरा, म्हणजे झाडांचा वाळका पाला, गळायला लागतो तो चैत्रापर्यंत थांबायचं नाव घेत नाही. सासूबाई होत्या तोवर रोज सकाळी परस लख्ख झाडून ढीग पेटवायच्या. आता तेच काम माझे दीर करतात, मी काडेपेटी लपवते, आणि घरात रोज सकाळी त्यावरून तोंडातोंडी.

माझं म्हणणं असं. जाळू तर नकाच, पण खत करायची घाईही करू नका. पहिल्या वर्षी मी व्हिडिओ बघून फेब्रुवारीत खड्डा भरला, रोज चार बादल्या पाणी ओतलं. जूनमध्ये उघडला तर आंब्याची पानं जशीच्या तशी, नुसती काळवंडलेली. आमची विहीर एप्रिलात तळ दाखवते, आणि तिचं पाणी मी पानांना पाजत होते! ते व्हिडिओ ज्या देशांतले, तिथे पानं गळतात आणि मागोमाग ओल येते. आपल्याकडे पानं गळतात आणि मागोमाग कडक ऊन.

दुसऱ्या वर्षी तोच पातेरा माडांच्या आळ्यांत आणि वांगी-मिरचीच्या वाफ्यांवर वीतभर जाड पसरला. पाणी एक दिवसाआड दिलं तरी खालची माती ओली. मृगाचा पाऊस पडल्यावर तो आपसूक बसला, गणपतीपर्यंत तळचा थर काळा भुसभुशीत. होळी ते मे पांघरूण, पुढे खत. दीर म्हणतात, हा आळशीपणा आहे. तुमचं काय मत?

तांबडी_माती
माका तां काय पटला नाय, ताई. पाच गुंठ्यांत पसरा हवं तेवढं, पण "जाळू नका" हा सरसकट उपदेश शेतकऱ्याला करू नका. आम्ही राब भाजतो, म्हणजे भाताची रोपं करायची जागा पेरणीआधी भाजून घेतो, ते हौस म्हणून नाही. शेण, कवळं (तोडलेल्या पानाळ डहाळ्या), पातेरा, गवत असे थर लावून वर माती टाकतो आणि वारा नसताना पेटवतो. त्या धगीने तणाचं बी मरतं. तरव्यात (भाताच्या रोपांत) तण कमी, रोपं उपटताना मुळं सहज सुटतात. आणि आमची जमीन जांभ्याची, आंबट, म्हणजे आम्लधर्मी. राख तिला गोड करते. राखेत पालाश राहतो, चुना राहतो. हे आजोबांना पुस्तक न वाचता कळत होतं.

कोथरूडची_गच्ची
आजोबांना कळत होतं, पण नत्र धुरातून जातो हेही खरं ना? आणि धूर कोणाच्या नाकात जातो? आमच्या गल्लीत जानेवारीपासून सकाळी सात वाजता पानांचे ढीग पेटतात, आईला दम्याचा पंप घ्यावा लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५ हजार रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५ हजार. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांतही कचरा जाळायचा नाही असं स्पष्ट होतं. तरी झाडणारे आणि पेटवणारे तेच!

तांबडी_माती
तो आदेश शहरातल्या कचऱ्याच्या खटल्यातला आहे, गच्चीताई. माझा राब म्हणजे कचरा नाही. तुमच्या गल्लीतल्या ढिगात पानांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्याही असतात, तो धूर वेगळा. दोन्ही एका दावणीला बांधू नका.

परसातली
राबाबद्दल माघार घेते. तुमचं तण आणि रोपं उपटण्याचं कारण पटलं. पण आमच्याकडे आता भातच नाही, तरवा नाही, तरी ढीग पेटतो. कारण गेलं, सवय उरली. आणि पहिल्याच मोठ्या सरीत ती राख वाहून जाते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. गोड झालेली माती कितीशी तिथे राहणार?

गडग्यापलीकडे
तुम्ही सगळे राख आणि नत्र करत बसलात. फुरशाचं काय?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहून वीतभर पातेरा घराभोवती पसरायचा सल्ला देणं मला बेजबाबदार वाटतं. फुरसं हा विषारी साप केवढासा, रंग वाळक्या पानाचाच. अंग अंगावर घासून खर्र आवाज करतं, तोही ऐकू आला तर नशीब. माझ्या काकूला असंच पातेरा हाताने गोळा करताना चावलं. वाचली, पण हात तीन महिने कामाचा राहिला नाही. विंचवाचं वेगळंच. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडला विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं नसतं तर कोकणात अजून किती माणसं गेली असती. सासूबाई परस लख्ख झाडायच्या ते नुसतं दिसायला छान म्हणून नव्हे. उघड्या जमिनीवर जनावर दिसतं.

परसातली
याला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही, खरं सांगते. घराच्या भिंतीपासून, न्हाणीच्या वाटेपासून आणि गोठ्याच्या दारापासून दहा-बारा फूट मी झाडूनच ठेवते. पातेऱ्यात हात घालत नाही, दाताळ्याने ओढते, पायात गमबूट. संध्याकाळनंतर तिकडे कोणी जायचं नाही. तरी भीती राहतेच.

शंकासुर
वाळवी? माझ्या कलमांच्या बुंध्याशी आच्छादन केलं होतं. पावसाआधी बघतो तर मातीच्या नळ्या खोडावर चढलेल्या.

परसातली
बुंध्याला टेकवायचं नाही. चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी. माझीही दोन पपईची झाडं असं शिकवूनच गेली.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत पानगळ बरोबर नवरात्र ते दिवाळी. मेपल, ओक. पणत्या लावायला अंगणात उतरलो की घोटाभर पानं. आमच्या गावात लोक ती रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवतात आणि नगरपालिकेची गाडी ओढून नेते. मग तेच लोक वसंतात पिशवीतलं खत विकत आणतात. मी गवत कापायच्या यंत्राने पानं बारीक करतो आणि भाज्यांच्या वाफ्यांवर टाकतो, मार्चपर्यंत बर्फाखाली दबून अर्धी मऊ होतात. ताई म्हणतात ते बरोबर, इथे ओल फुकट आहे. तिथे बसून इथले व्हिडिओ बघू नका. (हे मीच लिहितोय, माझंच चॅनल आहे, तरी.)

पण एक गोष्ट दोन्हीकडे लागू पडेल. पान बारीक केलं की निम्मं काम झालं. आंब्याचं अख्खं पान म्हणजे मेणकापड, एकावर एक बसली की पाणीसुद्धा खाली जाऊ देत नाहीत.

तांबडी_माती
बारीक करायला यंत्र कशाला? गायीच्या पायाखाली टाका. आमच्याकडे पावसाळ्यात गोठ्यात पातेरा अंथरतात, म्हणून तर तो उन्हाळ्यात पडवीत साठवायचा. गाय तुडवते, मूत मुरतं, शेण मिसळतं, रोज सकाळी काढून गायरीत, म्हणजे शेणाच्या उकिरड्यात टाकायचं. नुसत्या सुक्या पानात कर्ब फार आणि नत्र थोडा, ५० ला १ किंवा त्याहून वाईट. कुजवणाऱ्या जीवाणूंना २५-३० ला १ लागतं. ते गणित गाय आपोआप जुळवते. ताई, तुमच्याकडे गाय आहे आणि तुम्ही विहिरीच्या बादल्या ओतत होतात!

गडग्यापलीकडे
आणि कोंबड्या विसरलात. नऊ कोंबड्यांच्या खुराड्यापुढे पातेरा टाका, दिवसभर उकरून भुगा करतात, आतले किडेही जातात. कोंबड्या असतील तिथे मी पातेऱ्याला विरोध करणार नाही. विंचूसुद्धा टिपतात.

तांबडी_माती
आता माझा खरा आक्षेप, तो अजून कोणीच काढला नाही. सात माड आहेत ना? कुजणारा ढीग म्हणजे गेंड्या भुंग्याचं बाळंतघर. मादी गायरीत आणि सडक्या पाल्यात अंडी घालते, पांढऱ्या जाड अळ्या तिथेच पोसतात, आणि मोठे झालेले भुंगे थेट माडाच्या सुईत, म्हणजे शेंड्याच्या न उघडलेल्या झापात शिरतात. नवीन झाप उघडलं की कातरीने पंखा कापल्यासारखं दिसतं. पातळ थर पसरलात तर फार भीती नाही, पण ढीग आणि खड्डा माडाजवळ ठेवणार असाल तर त्यापेक्षा काकांची काडेपेटी बरी.

परसातली
काका नव्हेत हो, दीर. आणि दोन माडांची झापं तशीच कातरलेली आहेत! मी उंदीर समजत होते. खड्डा त्या दोघांच्या मधोमधच आहे. आत्ता जाऊन उकरून आले. अंगठ्याएवढ्या अळ्या, सतरा मोजल्या. कोंबड्यांची मेजवानी झाली. दीर गडग्यावर बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

आता काय करू? ढीग पूर्ण बंद?

तांबडी_माती
बंद कशाला. महिन्या-दोन महिन्यांनी ढीग उलथा आणि कोंबड्या सोडा. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती ढिगात मिसळली की अळ्या हिरव्या पडून मरतात. ओल हवी मात्र, म्हणजे पावसाळ्यातच. माडाच्या वरच्या झापांच्या बेचक्यात वाळू आणि मीठ टाकायला पाडेल्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्याला सांगा.

परसातली
आणि खड्डा झाकायला जुनी मच्छरदाणी चालेल का?

गडग्यापलीकडे
मच्छरदाणी फाडून जाईल भुंगा. बंदरावर जा, मासेमारीचं टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं मागा. दोन पदरी सैल टाकलं की भुंग्याचे पाय अडकतात. पण रोज सकाळी बघायचं, त्यात धामणही अडकते. आणि सोडवताना बॅटरी घेऊन जा, ती धामणच आहे ना ते आधी नीट बघा.