विषय: स्मृतिसभा आणि स्मरणिकेतली तीन अर्धी पानं

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार.

या वर्षी आपल्या शिकागो परिसरातली तीन जुनी माणसं गेली. नावं आणि तारखा मागच्या पत्रात कळवल्या आहेत. घरच्यांच्या इच्छेनुसार या ईमेल-यादीवर त्या पुन्हा देत नाही. सर्वपित्री अमावास्येच्या आधीच्या रविवारी दुपारी स्मृतिसभा आहे. दिवाळीच्या स्मरणिकेत प्रत्येकासाठी अर्धं पान राखून ठेवलंय. कच्चा मजकूर असा:

काकू: मनमिळाऊ, धार्मिक, सुगरण गृहिणी. मंडळाच्या माजी अध्यक्षांच्या पत्नी. मागे दोन मुलं, चार नातवंडं.
काका: हौशी रंगकर्मी आणि रसिक व्यक्तिमत्त्व.
आजोबा: मंडळाचे ज्येष्ठ हितचिंतक.

दुरुस्त्या शुक्रवारपर्यंत कळवा. फक्त 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच लिहून कृपया अख्ख्या यादीला उत्तर पाठवू नका.

---

प्रेषक: एक सभासद, पॅलेटाइन

भावपूर्ण श्रद्धांजली.

---

प्रेषक: शॉमबर्गची मावशी

सचिवसाहेब, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे, म्हणून स्पष्टच लिहिते. काकू गृहिणी कधी होत्या? निवृत्त होईपर्यंत त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी केली. १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा आला, इंजिनियर-डॉक्टर पुरुष इकडे आले आणि त्यांच्यामागून बायका आल्या, ही गोष्ट आपण दर गणपतीत मुलांना सांगतो. काकूंच्या घरी उलटं झालं. लॅब टेक्निशियन म्हणून आधी त्या आल्या आणि वर्षभराने यजमानांना बोलावून घेतलं. यजमान दोन वर्षं अध्यक्ष होते हे खरं, पण ती काही काकूंची ओळख नव्हे.

सुगरण म्हणाल, तर त्यांची पुरणपोळी तव्यावर हमखास फुटायची. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यात आधी त्या स्वतःच हसायच्या.

आता लिहायचं ते लिहिते. इथे कुणाच्या घरी मयत झालं की पहिला फोन काकूंना जायचा. त्यांच्या तळघरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात कोरं धोतर, नवं लुगडं, गोपीचंदन, दर्भ, काळे तीळ आणि गंगाजलाची सीलबंद लोटी. तुळशीची पानं शेजारच्या डीप फ्रीजरमध्ये, झिपलॉकच्या पिशवीत, वर तारीख घालून. जानेवारीत उणे वीसमध्ये तुळस कुठून आणणार? ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात:

"आधी चहा करा, घरच्यांनी काही खाल्लेलं नसतं. इलिनॉयमध्ये मृत्यूनंतर चोवीस तास झाल्याशिवाय दहन करता येत नाही, उगाच धावपळ नको. दहनाचा परवाना: कुक काउंटीत मेडिकल एक्झामिनर, ड्यूपेजमध्ये कॉरोनर. डेथ सर्टिफिकेटच्या दहा प्रती घ्या. कापूर लावायच्या आधी फ्युनरल होमवाल्याला विचारा, नाहीतर अलार्म वाजतो. भारतात फोन करताना तिथे किती वाजलेत ते बघा."

माझे यजमान गेले तेव्हा रात्रपाळीहून त्या थेट माझ्याकडे आल्या. अंगावर लॅबचा कोट तसाच. माझ्या दिराला पुण्याला फोन त्यांनीच केला, कारण माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्याच डब्यातली साखर सापडेना म्हणून माझ्यावर वैतागल्या. त्या दिवशी मला नेमकं तेच हवं होतं, कुणीतरी नेहमीसारखं बोलायला.

अर्ध्या पानात हे मावत नसेल तर चार नातवंडं गाळा. नातवंडं काय, सगळ्यांनाच असतात.

---

प्रेषक: काकांची धाकटी लेक

नमस्कार मावशी-काका. माझं मराठी लिहिणं जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या.

बाबांना 'रंगकर्मी' म्हटलेलं आवडलं असतं, पण स्टेजवर ते फार थोडे वेळा आले. ते विंगेत प्रॉम्प्टिंग करायचे. घरात तालमींच्या कॅसेटचे तीन खोके सापडले आहेत. प्रत्येक कॅसेटवर तारीख, अंक, आणि त्या दिवशी कोण किती उशिरा आलं याची नोंद. तुमच्यापैकी बरेच जण त्यात आहेत (सचिवकाका, तुम्ही दोनदा). मी एक लावून पाहिली. नाटक कमी आणि बटाटेवड्याला चटणी कुठली यावर वाद जास्त, आणि मध्ये बाबा हळूच पुढचं वाक्य देतात, ते कुणालाच ऐकू जात नाही.

या कॅसेट कुणाला द्याव्यात? टाकून देणार नाही हे नक्की.

दुसरं, डिसेंबरमध्ये अस्थी नाशिकला रामकुंडावर न्यायच्या आहेत. विमानात कशा नेतात? भाऊ म्हणतो थोड्या इथेच लेक मिशिगनमध्ये सोडू. आईला ते पटत नाहीये.

---

प्रेषक: नेपरव्हिलचे काका

बेटा, अस्थी हातातल्या बॅगेतच ठेव. सुरक्षा तपासणीत डबा एक्स-रेमधून जातो. तो धातूचा असला आणि आतलं दिसलं नाही, तर नेऊ देत नाहीत. ते लोक डबा उघडत नाहीत, तू स्वतः उघडून दाखवते म्हणालीस तरी नाही. म्हणून पितळी कलश इथून नेऊ नकोस, लाकडी किंवा प्लास्टिकचा घे, कलश नाशकात मिळेल. दहनाचा दाखला आणि डेथ सर्टिफिकेट सोबत हवं, आणि भारतीय वकिलातीचं पत्र कसं मिळतं ते तिकीट काढण्याआधी बघ. विमान कंपनीलाही विचारून घे, प्रत्येकीचे नियम निराळे. पोस्टाने पाठवायची वेळ आली तर फक्त सरकारी टपाल खातं घेतं, फेडेक्स आणि यूपीएस अस्थी घेत नाहीत.

लेक मिशिगनचं म्हणशील तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आणि तीस दिवसांत कळवणं हा जो नियम लोक सांगतात, तो समुद्रासाठी आहे. लेक मिशिगनला राज्याचे नियम लागतात, तेव्हा आधी चौकशी करा. बाकी आईचं ऐकायचं की भावाचं, त्यात मी पडत नाही.

कॅसेट ठेवून घेणारे पुष्कळ भेटतील, ऐकणारे कमी. फिलाडेल्फियाला दक्षिण आशियाई अमेरिकनांचं एक डिजिटल संग्रहालय आहे, 'साडा' म्हणतात, २००८ पासून. ते डिजिटल प्रत जतन करतात, मूळ वस्तू घरच्यांकडेच राहते. त्यांना लिही. १९८४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे इथल्या सगळ्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, पहिलं अधिवेशन शिकागोत झालं. त्या सुमाराची एखादी कॅसेट निघाली तर मला आधी ऐकव. माझी उशिराची नोंद असेलच.

---

प्रेषक: माजी खजिनदार, स्कोकी

आजोबांना 'हितचिंतक' म्हणणं म्हणजे त्यांना ओळखलंच नाही असं होईल. ते भांडायचे. प्रत्येक वार्षिक सभेत शेवटच्या रांगेतून उठायचे आणि कागदी प्लेटांच्या बिलापासून सुरुवात करायचे. मी खजिनदार असताना मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि ते गेले म्हणून तो राग नव्हता असं लिहिणार नाही.

पण एक सांगतो. २००६ च्या कायद्याने नियम आला की करमाफी असलेल्या संस्थेने सलग तीन वर्षं विवरणपत्र (फॉर्म ९९०) भरलं नाही, तर करमाफी आपोआप रद्द. लहान संस्थांनाही दरवर्षी ऑनलाइन कार्ड भरणं सक्तीचं झालं. आम्हाला वाटायचं, आपण एवढेसे, आपल्याला कोण विचारतंय. आजोबा प्रत्येक सभेत विचारायचे, "नऊशे नव्वद भरला का?" त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून आम्ही भरला. २०११ च्या जूनमध्ये सरकारने यादी काढली, त्यात सुमारे २,७५,००० संस्थांची करमाफी गेली होती. आपलं मंडळ त्यात नव्हतं. पुढच्या सभेला मी हे सांगितलं तर म्हणाले, "ते ठीक आहे, प्लेटांचं काय?"

---

प्रेषक: सचिव

सगळ्यांचे आभार. तीनही पानं नव्याने लिहायला घेतली आहेत. काकूंच्या पानावर झाकणावरचा कागद जसाच्या तसा छापू, मुलाने फोटो पाठवला आहे. माजी अध्यक्षांच्या पत्नी हा उल्लेख काढला. मी किती उशिरा आलो ते छापायची गरज नाही. आजोबांच्या लेकाला 'भांडखोर' शब्द चालेल का विचारलं, तर म्हणाला, "काढलात तर मी भांडेन."

एक अडचण आहे. काकूंचं घर ऑक्टोबरमध्ये विकलं जातंय आणि ट्रंक ठेवायला जागा हवी आहे. कोरडं तळघर आणि शक्यतो डीप फ्रीजर असलेल्यांनी कळवावं. रात्री-अपरात्री फोन येतील ही तयारी ठेवून कळवावं.

---

प्रेषक: शॉमबर्गची मावशी

मला आता तळघराचा जिना झेपत नाही, नाहीतर मीच घेतली असती. पन्नाशीच्या आतलं कुणीतरी पुढे या. ट्रंक जड आहे, उचलायला दोघं लागतील. शिवाय कागदात एक दुरुस्ती करा. दहाच्या जागी बारा प्रती लिहा, काही बँका मूळ प्रत ठेवून घेतात.