मॉडिंग नंतर? नको!
सेरेस या बटुग्रहावरच्या खाणकामाचा आपला गेम बनवताना 'आधी गेम पूर्ण करू, मॉडिंगचं (म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये स्वतःचे बदल, 'मॉड', घालण्याचं) नंतर बघू' हे काही पटत नाही बुवा. फॅक्टोरिओ या गेममध्ये मूळ गेमचा मालमसाला हाच 'बेस' नावाचा मॉड आहे, लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. आपणही ड्रिल, भट्टी, बर्फ वितळवायची टाकी सगळं डेटा फाइलींत ठेवू. गुरुत्वाकर्षणसुद्धा! सेरेसवर ते पृथ्वीच्या जेमतेम ३ टक्के. ड्रिल खडकात शिरण्याऐवजी यंत्रच वर उचललं जाईल, म्हणजे आधी ते खडकाला जखडणं आलं. हा आकडा कोडात गाडून टाकला, तर चंद्राचा मॉड करणाऱ्याने काय करायचं? आणि हो, रिमवर्ल्ड या गेमसारखे पॅच (फाइलीतला हवा तेवढाच भाग बदलणारे तुकडे) हवेत: भट्टीचा वेग बदलायला अख्खी फाइल कशाला? सेव्ह केलेल्या खेळाच्या फाइलीत मॉडची आवृत्तीही नोंदवा. माझ्या हौशी प्रोटोटाइपमध्ये मी ते विसरलो आणि अख्खी वसाहत गेली बाराच्या भावात.