वेल्डर ट्रेड झाला, आता अ‍ॅप्रेंटिस कुठं करू? वाळूज, साखर कारखाना की ट्रॉलीचं शॉप?

जिंतूरकर_वेल्डर
राम राम मंडळी. आयटीआयला एक वर्षाचा वेल्डर ट्रेड केला, पास झालो. तीन ठिकाणी बोलणं चालू आहे. वाळूज एमआयडीसीतल्या कंपनीत ठेकेदारामार्फत 'ट्रेनी' म्हणून घ्यायलेत, बारा तास ड्युटी, पैसे बरे सांगतात. तालुक्याला मामाच्या ओळखीचं ट्रॉली-नांगराचं शॉप आहे. आणि शेजारच्या जिल्ह्यातला साखर कारखाना अ‍ॅप्रेंटिस घेतो. घरचे म्हणायलेत वाळूज. मला हात बसवायचाय. काय करू?

थर्ड_शिफ्ट
मी वाळूजलाच आहे. ठेकेदाराचा ट्रेनी म्हणजे बहुतेक वेळा हेल्पर, नाव फक्त वेगळं. वेल्डिंगचा होल्डर हातात यायच्या आधी ग्राइंडर आणि झाडू येतो. सीओटू (गॅस आणि तारेचं वेल्डिंग) लाईनवर घेतलं तरी जिगमध्ये, म्हणजे पार्ट धरायच्या साच्यात, पार्ट ठेवायचा, तेच दोन सांधे मारायचे, दिवसभर. स्पीड येतो, पण उभा किंवा डोक्यावरचा जॉइंट दिला की माणूस गडबडतो. थेट कंपनीच्या रोलवर अ‍ॅप्रेंटिस मिळत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं ट्रेनिंगवाले शिकवतात.

जुना_निदेशक
कागदाचं आधी बघा. अ‍ॅप्रेंटिस कायदा 1961 चा आहे. त्याखाली करार होतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान 7,000 स्टायपेंड ठरला होता. काम करताना इजा झाली तर भरपाईही लागू होते. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ठेकेदाराच्या चिठ्ठीवर ना हा करार, ना हे प्रमाणपत्र, चार हजार जास्त दिले तरी.

बॉयलर_हाऊस
कारखान्याबद्दल मी सांगतो, लै वर्षं तिथंच आहे. बॉयलरच्या नळ्यांना तुम्हाला हात लावू देणार नाहीत. आयबीआर, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांप्रमाणे परीक्षा दिलेला वेल्डरच ते काम करतो. पण त्याच्या शेजारी उभं राहायला मिळतं, आणि खरं शिकणं तिथंच आहे. 7018 नंबरचा वेल्डिंग रॉड ओव्हनमधून गरम काढून का वापरतात, दमट रॉडनं वेल्डला तडा कसा जातो, रूट रन, म्हणजे सांध्याच्या तळाचा पहिला थर, मारताना तो काचेतून नेमकं काय बघतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही. गाळप सुरू झालं की चालू मिलवर रोलरच्या दातांना आर्किंग करतात, वेल्डचे खरबरीत थेंब चढवतात, म्हणजे उसाला पकड बसते. आधी नुसतं बघा. गाळप बंद झाल्यावर, उन्हाळा-पावसाळ्यात, दुरुस्तीचं काम भरपूर असतं: कॅरिअर, चाळण्या, पाईप. हात तेव्हाच बसतो.

जिंतूरकर_वेल्डर
कारखान्यात जाऊन काय विचारू?

बॉयलर_हाऊस
कुणाच्या हाताखाली देणार, ते. नाव सांगितलं तर त्या माणसाला पाच मिनिटं भेटा. "बघू, कुठंतरी लावू" म्हणाले तर सरळ परत या. आणि पहिल्या दिवसापासून वहीत लिहा: प्लेट किती जाडीची, कोणता रॉड, किती अँपिअर, कोणती पोझिशन. पुढं मुलाखतीला ती वही कामी येते. निदेशकसाहेबांना विचारा.

जुना_निदेशक
बरोबर. नोंदवहीवर दर आठवड्याला ज्याच्या हाताखाली आहात त्याची सही घ्या, नंतर एकदम घ्यायला गेलं की माणूस रजेवर असतो.

थर्ड_शिफ्ट
मामालाही दुखवू नको. सुट्टीच्या दिवशी ट्रॉलीवर हात मार. फक्त गॅल्वनाइज्ड पत्रा असेल तर शटर उघडं ठेव. त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि गॉगलवर आर्क मारू नको, अकरा नंबरच्या काचेचं हेल्मेट स्वतःचंच घे.