‘अमानुष’ ड्रॅगन चालेल का?

आयर्विनखालचं पाणी (सांगली)
अडचण एवढीशी आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये. आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी गावभागात एका मैत्रिणीच्या माडीवर जमतो आणि फॅन्टसी कादंबऱ्यांवर तास न् तास बोलतो. सगळ्यांचं वेड एकच, ड्रॅगन. पण खांद्यावर बसून विनोद करणारे, नायकाच्या तळहाताला नाक घासणारे ड्रॅगन आमच्यात कुणाला नकोत. ते पंख लावलेलं मांजर झालं. ज्याच्या मनात काय चाललंय ते माणसाला कळू नये, तो बोलला तरी कळू नये, असा ड्रॅगन आम्हाला हवा.

या वेळचा विषय वाचनालयाच्या फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मजकूर केला: ‘उग्र, अमानुष ड्रॅगन आणि त्यांच्यावर जीव टाकणारे आपण’. घरी आत्याला दाखवला. तिनं तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. चष्मा न लावताच ‘अमानुष’खाली लाल रेघ ओढली. म्हणाली, “अमानुष मारहाण, अमानुष छळ. जनावर अमानुष कसं असेल? वाघानं शेळी नेली तर पेपरात ‘अमानुष वाघ’ असं छापतात का?”

मी गप्प. पण ‘मानुष नाही तो अमानुष’ हा विग्रह तिनंच मला सहावीत शिकवला होता! फळा या शनिवारी लिहायचाय. काय करू?

चारभिंती (सातारा)
आत्याबाई बरोबर आहेत. शब्दाची गंमतच अशी की अर्थ ‘माणसाचं नव्हे ते’, पण लावता येतो फक्त माणसाला. सावकार अमानुष असतो, नवरा अमानुष असतो. अमानुष व्हायला आधी माणूस असावं लागतं. ड्रॅगनला ती सोय नाही.

मिरजेचा तंबोरा
मराठी वर्तमानपत्रांनी शब्दाचं वाटोळं केलं म्हणून मूळ अर्थ मरत नाही. गीतेचा अकरावा अध्याय काढा. ‘दंष्ट्राकरालानि च ते मुखानि’ बघून अर्जुनाची गाळण उडते. जळत्या तोंडांनी सगळे लोक गिळत, जिभा चाटत असलेलं ते रूप. मग कृष्ण पूर्ववत होतो आणि अर्जुन म्हणतो, ‘दृष्ट्वेदं मानुषं रूपं तव सौम्यं जनार्दन’. म्हणजे हे मानुष रूप सौम्य. मग आधीचं कसलं होतं? अमानुषच की. त्यात क्रौर्याचा संबंध नाही. ते माणसाच्या मापाचं नव्हतं, एवढंच.

ताई, ‘अमानुष’ ठेवा. फळा वाचणाऱ्याला जरा अडखळू दे.

कंदी पेढा
विश्वरूपाला ड्रॅगनच्या रांगेत बसवलंत, धन्य आहे.

मिरजेचा तंबोरा
मी ड्रॅगनला वर नेलंय, देवाला खाली आणलेलं नाही. नीट वाचा.

आयर्विनखालचं पाणी
भांडू नका हो. ‘अमानवी’ कसं वाटतं?

चारभिंती
‘अमानवी’ म्हटलं की मला पिंपळाखालची बाई दिसते. त्या शब्दाला भुतांचा वास आहे. ‘अमानवीय’ हे हिंदी बातम्यांतून आलंय. ‘मानवेतर’ बरोबर आहे, पण ‘मानवेतर ड्रॅगन’ म्हणजे पशुसंवर्धन खात्याचं परिपत्रक.

अस्सल मराठी
मुळात ‘ड्रॅगन’ कशाला? विशेषणावर एवढा काथ्याकूट चाललाय आणि नाम तसंच परकं सोडलंय. आपल्याकडे व्याल आहे. गडांच्या दरवाजांवर शरभ आहे. ऋग्वेदात अहि आहे, ‘अहन्नहिं पर्वते शिश्रियाणम्’. डोंगरावर पसरलेला, पाणी अडवून बसलेला सर्प, आणि इंद्रानं त्याला मारलं. यापेक्षा जुना ड्रॅगन कुठे मिळणार आहे? ‘महाअहि’ म्हणा, ‘अग्निव्याल’ म्हणा. सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक हे शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

भडंग विथ कांदा
अग्निव्याल 😂 म्याट्रिकच्या पेपरातली संधी सोडवल्यासारखं वाटतंय राव. पोरगं विचारंल, “पप्पा, अग्निव्याल कुठल्या बाजूनं उडतो?”

मिरजेचा तंबोरा
अस्सल मराठी, एक शंका. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव उचलून आपण ‘नॉव्हेल’ला ‘कादंबरी’ म्हणायला लागलो. एका मुलीच्या नावात अख्खा वाङ्मयप्रकार कोंबणाऱ्या भाषेला एक ड्रॅगन जड होतो का? बटाटा आणि पगार पोर्तुगिजांकडून घेतले. ते परत करणार आहात का? बटाट्याचं जाऊ दे, पगार तरी.

अस्सल मराठी
गरज होती म्हणून घेतले. इथं घरात भरलेलं असताना उसनं कशाला?

वान्लेसवाडी
एक भर घालते. आमच्या घरी ड्रॅगनला मराठी शब्द होताच, आणि तो रोजच्या वापरातला होता. मराठी बायबलात प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सात डोक्यांचा, दहा शिंगांचा जो येतो, त्याला ‘अजगर’ म्हटलंय. आजी कंदिलाच्या उजेडात तो अध्याय वाचायची. अजगर शेपटीनं आकाशातले तारे खाली ओढतो तिथं ती नेहमी थांबायची, बोटाला थुंकी लावून पान उलटायची आणि आम्हा पोरांकडे एकदा बघायची. मी अनेक वर्षं समजत होते की अजगराला शिंगं असतात. पुढे चौथीच्या सहलीत पिंजऱ्यातला अजगर बघितला. सुस्त, जाडजूड, गवतात पडलेला. मी रडले. बाईंना वाटलं घाबरले. घाबरले नव्हते, फसवल्यासारखं वाटलं होतं.

चारभिंती
अजगर म्हणजे ‘अज’ गिळणारा. शेळी गिळणारा. आपल्या जनावराचा आवाका शेळीपुरता आणि बायबलातला तारे ओढतोय. भाषांतरकाराची पंचाईत समजू शकतो. पण महाभारतातला अजगर एवढा साधा नाही बरं का. नहुष शापानं अजगर होतो आणि वनपर्वात चक्क भीमाला विळखा घालतो. मग युधिष्ठिराला प्रश्न विचारतो. म्हणजे बोलणारा, हुशार, धोकादायक सर्प आपल्याकडेही होता.

आयर्विनखालचं पाणी
पण तो आतून माणूसच आहे ना! आमची तक्रार तीच आहे. नहुष हा कातडं बदललेला राजा. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगन बघा. तीनशे वर्षं खजिन्यावर पडून असतो. एक पेला चोरीला जातो, एकच, आणि तो गावं जाळत सुटतो. सगळ्या काव्यात एक शब्द बोलत नाही. त्याला नावही नाही. का एवढं जपतो, त्या सोन्याचं त्याला काय करायचंय, कुणी सांगत नाही. हेच ‘अमानुष’ मला म्हणायचं होतं.

भडंग विथ कांदा
न वापरता जपायचं आन् एक भांडं हललं की घर पेटवायचं? आमच्या चुलत आजीला भेटा. पूर्ण मानुष हाय.

कंदी पेढा
‘ड्रॅगन’ची व्युत्पत्ती ‘द्राक्ष’वरून असावी असं मला पूर्वीपासून वाटतं. दोन्हींत द्र आहे, आणि तासगावच्या बागेत साप निघतातच.

मिरजेचा तंबोरा
😐
ग्रीक ‘द्राकोन’. त्यामागे ‘बघणे’ या अर्थाचा धातू आहे आणि आपला ‘दृश्’ त्याचा सख्खा भाऊ. ड्रॅगन म्हणजे टक लावून बघणारा. तेव्हा ‘दृष्टी’, ‘दर्शन’, ‘दृष्ट’ आणि ‘ड्रॅगन’ एकाच घरातले. अस्सल मराठींना शब्द परका वाटत होता, म्हणून सांगितलं.

अस्सल मराठी
मग ‘दृक्सर्प’ म्हणू.

भडंग विथ कांदा
दृष्ट लावणारा म्हणा आन् दाराला लिंबू-मिरची बांधा. मिटला विषय.

कंदी पेढा
द्राक्षाचं कुणीच खोडून काढलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

डोंगरकडा (कोयनेकडचा)
टक लावून बघण्यावरून आठवलं. लहानपणी आमच्या विहिरीच्या कडेला दगडावर घोरपड बसायची. मोठी होती, माझ्या हातापेक्षा लांब. एकदा मी कळशी घेऊन गेलो तर तीन-चार हातांवर ती. पळाली नाही. दुभंगलेली जीभ बाहेर काढली, आत घेतली. गळ्याची कातडी हलत होती. माझ्याकडे बघत होती, पण बघत होती असंही म्हणवत नाही. कुत्रं बघतं तेव्हा आपण आहोत असं वाटतं. बैल बघतो तेव्हाही. तिच्या लेखी मी नव्हतोच. राग नाही, भीती नाही. मी कळशी तिथंच टाकून आलो. आजा म्हणाला, “तिला मान्साची वळख न्हाय रं. तिचं काय चुकलं?”

ताईंना जे म्हणायचंय ते बहुतेक हे असावं. एका शब्दात मला येत नाही. ‘बिनवळखीचं’ म्हणू का?

कंदी पेढा
विहिरीवर घोरपड होती ते ठीक, पण आता तसलं काही दिसलं तर हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे.

डोंगरकडा
मी कळशी टाकून पळालो म्हटलं. हात कोण लावतंय?

अस्सल मराठी
बरं झालं विषय निघाला. ‘कोमोडो ड्रॅगन’ हा ड्रॅगन नाही, घोरपडीच्याच कुळातला, तीन मीटरपर्यंत वाढणारा प्राणी आहे. त्याला तरी ‘महाघोरपड’ म्हणायला कुणाची हरकत आहे?

चारभिंती
घोरपडे आडनावाच्या लोकांची असू शकते.

शिराळकर
साप-नागाचं चाललंय म्हणून सांगतो. आमच्याकडे नागपंचमीला नागाला ‘साप’ म्हटलेलं म्हाताऱ्यांना खपायचं नाही. साप वेगळा, नाग वेगळा. ड्रॅगनला ‘सर्प’ म्हणणारे शहरातले असणार.

वान्लेसवाडी
सामान्यरूपाचं काय करायचं मग? माझ्या कानाला ‘ड्रॅगनच्या पाठीवर’पेक्षा ‘ड्रॅगनाच्या पाठीवर’ बरं वाटतं. टेबलावर म्हणतो, स्टेशनात म्हणतो, पेनानं लिहितो. शब्दाला आकार लागला की तो घरचा झाला. सून माहेरचं नाव ठेवू दे, उंबरा ओलांडून आत आली की झालं.

मिरजेचा तंबोरा
हे मला पटलं. ‘ड्रॅगनाने गाव जाळले.’ वा! एकदम बखरीतलं वाक्य.

भडंग विथ कांदा
बाईमाणूस असली तर? ड्रॅगनीण?

चारभिंती
वाघीण, नागीण, ड्रॅगनीण. का नाही? ‘मादी ड्रॅगन’ ऐकून प्राणिसंग्रहालयाची पाटी आठवते.

अस्सल मराठी
उद्या ड्रॅगनुली म्हणा.

आयर्विनखालचं पाणी
सगळ्यांचे आभार, पण माझा प्रश्न विशेषणाचा होता. शिवाय नवीन गोंधळ: ‘जीव टाकणारे आपण’ हेही आत्याला आवडलेलं नाही. ‘चाहते’ म्हण म्हणते. ‘चाहते’ मला फार गुळगुळीत वाटतं, नटाच्या वाढदिवसाला केक कापणारे. आमच्यातला एक जण गेल्या उन्हाळ्यात नऊशे पानांचं पुस्तक कऱ्हाड-सांगली एसटीत उभ्यानं वाचत होता आणि त्याचं उतरायचं राहून गेलं. त्याला ‘चाहता’ म्हणू?

भडंग विथ कांदा
नादखुळा म्हणा की! घरातला शब्द सोडून गावभर हिंडताय. ‘ड्रॅगनाचे नादखुळे’. फळ्यावर हे लिहा, पन्नास माणूस येतंय का नाही बघा.

चारभिंती
‘नादखुळा’ मूळचा कोल्हापूरचा.

भडंग विथ कांदा
कोल्हापूरचा असंल, पण आमच्यात राहतोय आता. वान्लेसवाडीताईंची सून आठवा.

जतचा माळ
नमस्कार. ड्रॅगनवर चर्चा दिसली म्हणून आलो. आमच्याकडे दोन एकर आहे. नावाबद्दल बोलायचं तर २०२१ मध्ये गुजरात सरकारनं याचं नाव ‘कमलम’ केलं. आमच्या बाजारात अजून तरी सगळे ड्रॅगनच म्हणतात. हमाल तर नुसतं ‘डागन’ म्हणतात.

आयर्विनखालचं पाणी
दादा, आम्ही फळाबद्दल बोलत नाही आहोत.

अस्सल मराठी
का नाही? बघा, फळाला देशी नाव देता येतं! निवडुंगाच्या कुळातलं आहे, ‘निवडुंगफळ’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

जतचा माळ
निवडुंगफळ म्हटल्यावर दर कोण देणार? सालीला खवले आहेत म्हणून ते नाव पडलंय आणि त्या नावावरच विकतंय. पण रात्री बागेत येऊन बघा एकदा. फूल एकच रात्र उमलतं, दोन्ही ओंजळीत मावणार नाही एवढं, पांढरं. बॅटरी डोक्याला लावून आम्ही ब्रशनं पराग फिरवत असतो. सिमेंटच्या खांबांवरून काटेरी फांद्या चहूकडून खाली लोंबत असतात, आणि अंधारात त्या हलल्या की धाकटा म्हणतो, “पप्पा, ड्रॅगन जागा झाला.” सकाळी फूल मिटून मान टाकतं.

मिरजेचा तंबोरा
वा दादा. या वर्षी फुलं कधी? आम्ही दोघं-तिघं येतो.

आयर्विनखालचं पाणी
मीही येईन. पण उद्या शनिवार आहे. आत्या लाल पेन्सिल घेऊन समोर बसलीये. ‘अमानुष’ ठेवू की काढू?

जतचा माळ
पावसाळा लागला की या. खांबापाशी सांभाळून चाला, काटे बारीक असतात, दिसत नाहीत.

कंदी पेढा
जतला द्राक्षंही होतात ना? म्हणजे द्राक्ष आणि ड्रॅगन एकाच मातीत. मी काय म्हणत होतो?